भिंतीपलीकडचं उणे

पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात दुसऱ्या मजल्यावरची लाकडी आडभिंत प्रेमापायी पाडली, अशी एक कुजबुज होती. प्रेम म्हणजे कोवळ्या वयातलं नव्हे. दोन्हीकडचे केस पिकलेले, त्यामुळे सांगणाऱ्याला दुप्पट चव यायची. भिंतीच्या अलीकडे भोवरामावशी, पलीकडे मोजणीकाका, आणि कामाच्या भर वेळात दोघांची पेन्सिलीनं टकटक. कधी एक टक, कधी दोन, कधी लांबलचक हार. शेवटी म्हणे संपादकांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावून कबूल करायला लावलं, आणि मग कपाळाला हात लावून सुताराला निरोप धाडला.

ही बातमी पसरवली रेडिओनं. रेडिओ म्हणजे छापखान्याचा शिपाई. त्याला हे नाव कुणी आणि कधी दिलं ते माहीत नाही, पण ज्यानं दिलं त्यानं फार विचार केला नसावा, कारण फार विचार करायची गरजच नव्हती. चहाचा ट्रे घेऊन तो तळमजल्यावरून निघायचा आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत चहा निवलेला असायचा, बातमी मात्र गरम.

तर भोवरामावशी. बीजगणिताच्या पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात उत्तरं असतात. मुलं ती आधी उघडतात, आईबाप ती झाकून ठेवतात, आणि ती काढतं कोण, याचा विचार दोघांपैकी कुणीच करत नाही. ती मावशी काढायच्या. प्राध्यापक मंडळी उदाहरणं रचून मोकळी व्हायची. रचलेलं प्रत्येक उदाहरण सोडवून, त्याचं उत्तर लिहून द्यायला छापखान्यानं माणसं ठेवली होती.

त्याआधी मावशी शाळेत गणित शिकवायच्या. शिकवायच्या उत्तम, पण एका जागी उभं राहणं त्यांना जमायचं नाही. समीकरण फळ्याच्या डाव्या टोकाला सुरू व्हायचं, त्याची दुसरी ओळ खिडकीपाशी, तिसरी दारात. पहिल्या बाकावरच्या मुलींना घेरी येते अशी तक्रार आली. मुख्याध्यापिकेनं त्यांना खुर्ची दिली, मावशी खुर्चीभोवती फिरू लागल्या. घरीही तीच तऱ्हा. भावाच्या घरी त्या राहायच्या आणि वहिनी म्हणायची की वन्सं जेवायला बसल्या की ताट धरून ठेवावं लागतं, नाहीतर तेही निघेल त्यांच्यामागून.

छापखान्यात मात्र त्यांच्या चालण्याचा कुणाला त्रास नव्हता. एक अरुंद खोली, एक उंच टेबल, टेबलाशी खुर्ची नाही. मावशी कागद हातात घेऊन खिडकीपासून आडभिंतीपर्यंत आणि आडभिंतीपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत उदाहरण डोक्यात सोडवायच्या आणि टेबलापाशी आल्या की उभ्याउभ्या उत्तर लिहायच्या. लाकडी जमिनीवर त्यांच्या चपलांनी एक फिकट पट्टा पडला होता.

आडभिंतीच्या पलीकडे तशीच दुसरी खोली. तिथे मोजणीकाका बसायचे. आयुष्यभर जमिनींची मोजणी केलेला माणूस, दुर्बिणीला डोळा लावून लांबची काठी वाचणारा. दोन शेजाऱ्यांची हद्दीवरून हाणामारी चालू असताना मधोमध उभं राहून कागदावर रेघ ओढली, हे ते अभिमानानं सांगायचे. निवृत्तीनंतर मुलाच्या घरी त्यांना करमेना. "घरी बसलो तर खुर्चीचा पाचवा पाय होईन," असं म्हणत ते इथे आले आणि दुसऱ्या खोलीत स्थिरावले. हे अगदी मावशींच्या उलट. एकदा बसले की संध्याकाळी घंटा होईपर्यंत उठायचे नाहीत.

दोन खोल्या कशाला, तर ती संपादकांची पद्धत. प्रत्येक उदाहरण दोघांनी सोडवायचं, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी अवाक्षर न बोलता. आठवड्याच्या अखेरीला संपादकांसमोर दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. याला तिथे 'मेळ' म्हणत. उत्तरं जुळली की संपादक लाल पेन्सिलीनं खूण करत आणि ते उत्तर कायमचं बंद. जुळली नाहीत तर दोघांनी पुन्हा सोडवायचं. संपादक म्हणत, एका माणसाची चूक होऊ शकते, पण दोन खोल्यांत दोन माणसांची तीच चूक होत नाही. हे वाक्य ते इतक्या वेळा बोलत की रेडिओ त्यांच्यामागे उभा राहून ओठ हलवायचा.

आणि बंद झालेलं उत्तर पुन्हा उघडायचं असेल तर? त्याचाही नियम होता. संपादकांच्या खोलीत फळा होता. संपादक त्यावर उदाहरण लिहिणार आणि दोघांनी तिथे उभं राहून, त्यांच्यादेखत ते सोडवायचं. असा प्रसंग क्वचितच यायचा. फळ्यापुढे उभं राहणं म्हणजे म्हातारपणी अंगठे धरून उभं राहण्यासारखं वाटायचं.

बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग काकांच्या बाजूनं मेळ फसू लागला.

पहिल्यांदा मावशींच्या ते लक्षात आलं संमिश्र संख्यांच्या प्रकरणात. ज्यांना शाळा सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगायचं तर, तिथे i नावाची एक चीज असते. तिला तिनंच गुणलं की उणे एक मिळतं. दोन अधिक तीन i ला दोन उणे तीन i नं गुणायचं होतं. मावशींचं उत्तर सरळ तेरा. काकांचं उत्तर उणे पाच अधिक बारा i. संपादकांनी भुवई उंचावली. मावशींनी काकांचा कागद आपल्याकडे फिरवून पाहिला आणि त्यांना कळलं की काकांचा गुणाकार चोख आहे. फक्त त्यांनी उणेच्या जागी अधिक धरलंय. पुढच्या आठवड्यात फलांच्या, म्हणजे फंक्शनच्या, प्रकरणात तेच. संख्येच्या वर्गातून तिची चौपट वजा करायची होती, संख्या पाच. मावशींचं उत्तर पाच, काकांचं पंचेचाळीस. पुन्हा हिशेब चोख, चिन्ह उलटं.

संपादक म्हणाले, "काका, थकलात का?" आवाज मऊ होता, पण असा मऊ आवाज ते लोकांना घरी पाठवताना वापरत.

त्याच आठवड्यात मावशी जिना उतरत होत्या. खालच्या वळणावर खुंटीला कुणाचा तरी लांब कोट अडकवलेला होता आणि मोजणीकाका त्या कोटापुढे उभे राहून अदबीनं म्हणत होते, "या ना, उभे का?" कोट काही बोलला नाही. काकांनी जरा वाट पाहिली, मग हात पुढे केला, आणि रिकामी बाही हातात आल्यावर ती हळूच सोडून दिली. मावशी वरच्या पायरीवर थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदाच थांबल्या असाव्यात.

"अहो," त्या म्हणाल्या, "दिसत नाही का तुम्हाला?"

आता हे 'अहो' जरा समजून घ्यायला हवं. सगळा छापखाना त्यांना काका म्हणायचा. मावशी वयानं त्यांच्या आसपासच्या, त्यांना काका कसं म्हणणार? साहेब म्हणावं तर साहेब एकच, संपादक. म्हणून त्या काहीच न म्हणता नुसतं 'अहो' म्हणायच्या. जिन्याखाली रेडिओ चपलेचा अंगठा शिवत बसला होता. त्याला पुढचं काही ऐकू आलं नाही, पण 'अहो' ऐकू आलं. त्याला तेवढं पुरलं.

पुढचं असं होतं. काका म्हणाले, आकडे दिसतात. अधिक चिन्ह ठिपक्यासारखं दिसतं, कधी दिसतं, कधी दिसत नाही. उणे मात्र दिसतच नाही. प्राध्यापक ती रेघ केसासारखी ओढतात. डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर मुलगा विचारणार कशाला, आणि मुलाला कळलं की खुर्चीचा पाचवा पाय. हे सगळं त्यांनी हसत सांगितलं आणि सांगताना जिन्याचा कठडा घट्ट धरून ठेवला.

मावशींचे पाय त्या रात्रभर वळवळत राहिले असणार, कारण सकाळी वहिनीनं विचारलं की वन्सं, गादीवर चाललात की काय. पण छापखान्यात पोचल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं. कागदांची एक प्रत त्यांच्याकडे, दुसरी काकांकडे, उदाहरणांचा क्रम एकच. काकांनी नवीन उदाहरण घेतलं की पट्टी आडभिंतीवर घासायची. मग मावशी येरझारा घालत भिंतीपाशी आल्या की डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह पेन्सिलीच्या मागच्या टोकानं वाजवणार. एकदा वाजवलं की उणे, दोनदा वाजवलं की अधिक, मग आकड्याआधी चिन्ह नसलं तरी. बाकी सगळं काका आपलं आपण सोडवणार. बोलायचं नाही हा नियम मोडत नव्हता. निदान मावशींनी स्वतःची समजूत तशी घातली.

मेळ पुन्हा बसू लागला. संपादक खूश. काका संध्याकाळी जिना उतरताना शीळ घालू लागले. मावशी मात्र पूर्वीपेक्षा जोरात चालू लागल्या. त्यांच्या मनात एक गोष्ट खडा गेल्यासारखी टोचत होती: आता काकांची उत्तरं माझ्या डोळ्यांनी काढलेली आहेत. माझे डोळे चुकले तर? त्या खिडकीकडे जात तेव्हा हा प्रश्न सोबत जाई, आणि भिंतीपाशी येत तेव्हा पट्टी घासल्याचा आवाज येई. मग प्रश्न तिथेच टाकून त्या पेन्सिल उचलत.

घरी वहिनीला पेन्सिली सापडू लागल्या, टोकाकडून झिजलेल्या आणि बुडाकडूनही चेमटलेल्या. वहिनी हुशार बाई. तिनं काही विचारलं नाही, फक्त जेवताना म्हणाली की हल्ली तुमच्या कामात दोन्ही टोकांनी लिहायचं असतं वाटतं. भाऊ हसला. मावशी ताट तसंच ठेवून पाणी आणायला उठल्या, आणि पाणी तर समोरच होतं.

नवं बीजगणित निघणार होतं. प्रकरण आव्यूहांचं, म्हणजे पोरंटोरं ज्याला मॅट्रिक्स म्हणतात ते. चार आकडे चौकोनात मांडायचे, वर दोन, खाली दोन. मुख्य कर्णावरचे दोन गुणायचे, त्यातून दुसऱ्या कर्णावरच्या दोघांचा गुणाकार वजा करायचा. जे उरतं तो निश्चयक. निश्चयक शून्य आला तर त्या आव्यूहाचा व्यस्त निघत नाही. म्हणजे त्यानं जे केलं ते उलटं फिरवता येत नाही. शून्य नसेल तर फिरवता येतं. इतकं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

मावशी त्या पानावर आल्या, नेमका तेव्हाच रेडिओ चहा घेऊन आत आला. ट्रे टेबलावर ठेवला, पण गेला नाही. भिंतीकडे बघितलं, मावशींच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं आणि म्हणाला, "मावशी, खालच्या मंडळींनी पैज लावलीय. मी म्हटलं, अरे, वय बघा. तर ते म्हणतात, वय कशाला बघायचं, आवाज ऐका."

"कसला आवाज?"

"टकटक," रेडिओ म्हणाला आणि कपबशी जरा सरकवून निघून गेला.

मावशींच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. इतकी वर्षं आपण मान खाली घालून उत्तरं काढली आणि तळमजल्यावर आपल्या नावानं पैजा लागतायत. तेवढ्यात भिंतीवर पट्टी घासली. पुन्हा घासली. काका वाट बघत होते. मावशींना वाटलं की ही टकटक आता एकदाची उरकावी, रेडिओ जिन्याच्या तळाशी पोचायच्या आत. त्यांनी कागद नुसता डोळ्यांखालून घातला. वर दोन आणि तीन, खाली चार आणि सहा. आणि वाजवलं भराभरा, चारही आकड्यांना दोन दोन वेळा. कागद दुमडलेला होता. तीनच्या आधी, बरोबर घडीत, केसाएवढी एक रेघ होती.

दोन गुणिले सहा, बारा. तीन गुणिले चार, बारा. बारा वजा बारा, शून्य. व्यस्त अस्तित्वात नाही. मावशींनी लिहिलं, भिंतीपलीकडे काकांनीही तेच लिहिलं. आठवड्याअखेर मेळ बसला आणि संपादकांनी लाल खूण केली.

ते उत्तर मावशींना पुन्हा दिसलं ते छपाईच्या आधी, शेवटच्या मुद्रितात, म्हणजे प्रुफात. नियमानं त्यांनी फक्त उत्तरांचे क्रमांक ताडून पाहायचे होते, उदाहरणं वाचायची नव्हती. पण मुद्रितात सगळं ठसठशीत असतं. खिळे जुळवणारा जुळारी चांगल्या डोळ्यांचा होता, त्यानं घडीतली रेघ पाहिली होती आणि ती काळ्या शाईत आडवी झोपवली होती. उणे तीन. मावशींचे पाय खिडकीपाशी थिजले. बारा वजा उणे बारा. चोवीस. शून्य नाहीच. व्यस्त आहे, चांगला ठणठणीत आहे, वर सहा आणि तीन, खाली उणे चार आणि दोन, आणि सगळ्याला भागिले चोवीस.

वर्गावर्गांतून मुलं हे उदाहरण सोडवणार. नीट सोडवणारा चोवीस काढणार, मागचं पान उघडणार आणि आपलं बरोबर उत्तर खोडून टाकणार. मुलांना आपल्यापेक्षा छापलेल्यावर जास्त विश्वास असतो. मावशींनी शाळेत ते पाहिलं होतं.

उत्तर बदलायचं म्हणजे बंद झालेलं उघडायचं. उघडायचं म्हणजे फळा. फळ्यापुढे काकांना उभं केलं की सगळं बाहेर पडणार. आणि कागद यंत्रावर चढायला फारसा अवकाश नव्हता.

त्या दिवशी मावशी किती चालल्या असतील देव जाणे. जुळाऱ्याला गुपचूप सांगून बदलून घ्यावं, असं वाटलं. तळमजल्यापर्यंत गेल्यासुद्धा, आणि तिथे रेडिओ दात काढून हसला म्हणून परत फिरल्या. मग वाटलं, एक उत्तर तर आहे, कुणाच्या लक्षात येतंय? मग लगेच वाटलं, हेच एक कशावरून? जे सापडलं ते एक. ज्यात घडी नव्हती, ज्यात रेडिओ आला नव्हता, तिथेही आपला डोळा कुठे घसरला असेल तर ते पकडणारं भिंतीपलीकडे कोणी नव्हतंच. ती खोली कधीचीच रिकामी होती आणि आपणच तिच्यात जाऊन बसत होतो. संध्याकाळी वहिनीनं दार उघडलं तेव्हा मावशी दारातच मागे वळल्या होत्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, आत यायचं की बाहेर जायचं, ते एकदा ठरवा. दार धरून माझा हात दुखला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी काकांना गच्चीवर गाठलं. गच्चीवर रद्दीचे गठ्ठे होते आणि एका गठ्ठ्यावर काका डबा उघडून बसले होते. मावशी गठ्ठ्यांभोवती फिरत सगळं बोलून गेल्या. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही दोनदा वाजवलंत," ते म्हणाले.

"दोनदा वाजवलं."

"मला वाटलंच होतं. असं सोपं शून्य प्राध्यापक देत नाहीत." आणि ते हसायला लागले. मग हसणं थांबवून म्हणाले की उघडायला हवं.

मावशी म्हणाल्या, उघडलं तर तुमचं काय? काका म्हणाले, फळ्यावरची अक्षरं मोठी असतात, जमेल. मावशींनी समोर धुराड्यावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवून विचारलं, तिथे काय आहे? काकांनी पाहिलं आणि सांगितलं, धुराडं. मग दोघांनी मिळून जे ठरवलं ते ऐकून शहाण्या माणसानं डोक्याला हात लावावा. फळ्यापुढे टकटक करता येणार नाही, म्हणून मावशींनी खोकायचं. एकदा खोकलं की उणे, दोनदा खोकलं की अधिक.

संपादकांनी काही विचारलं नाही. बंद उत्तर उघडायचंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, मुद्रित घेतलं आणि फळा स्वच्छ केला. रेडिओ काहीतरी ठेवायला म्हणून आला आणि दारापाशीच रेंगाळला. संपादकांनी खडूनं कंस काढला. दोन लिहिले.

मावशी दोनदा खोकल्या.

उणे तीन लिहिले. मावशी एकदा खोकल्या. चार. पुन्हा दोनदा. सहा. आणखी दोनदा. संपादक वळले, मावशींकडे काळजीनं पाहिलं आणि रेडिओला म्हणाले की बाईंना पाणी आण, आणि खिडकी लाव, वारा लागतोय.

रेडिओ गेला नाही. मावशींनी रुमाल तोंडाशी धरला. लाजेनं त्यांचं कपाळ तापलं होतं आणि पाय जमिनीवर मागेपुढे मागेपुढे करत होते. काकांच्या हातात खडू दिलेला होता. खोकले त्यांनी बरोबर मोजले होते, उत्तर त्यांच्या डोक्यात तयार होतं, हात वर करून चोवीस लिहिलं की झालं. त्यांनी खडू फळ्याला टेकवला आणि परत खाली घेतला.

"साहेब," काका म्हणाले, "यांना खोकला नाही. मला उणे दिसत नाही."

मग काकांनी सांगितलं, कोटापासून टकटकीपर्यंत, एकही गोष्ट न लपवता, जणू हद्दीचा नकाशा वाचून दाखवतायत. मावशी मध्येच म्हणाल्या की चूक यांची नाही, चिन्ह मी दिलं, चुकीचं मी दिलं. काका म्हणाले, "बाई, मला बोलू द्या. भिंत मध्ये नाहीये आता."

संपादकांनी चष्मा काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले, समोरच्या मुद्रिताच्या गठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे या पुस्तकातलं प्रत्येक उत्तर एकाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे."

"हो," मावशी म्हणाल्या. एवढा एक शब्द उच्चारताना त्यांचे पाय थांबले.

छपाई थांबली. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सोडवायला काढलं. वरच्या मजल्यावर एक नवी बाई नेमली, कडक, अबोल, दार आतून लावून बसणारी. तिनं सगळं एकटीनं सोडवायचं, आणि तिच्या उत्तरांशी मेळ घालायचा तो खालच्या दोघांच्या एकाच उत्तराचा. काकांना घरी पाठवायचं संपादकांच्या मनात होतं. पण काकांनी त्या दिवशी खोलीतून निघण्याआधी एक विनंती केली होती: कुठलंही उदाहरण मोठ्यानं वाचून दाखवा. संपादकांनी मुद्दाम अवघड निवडलं, एका फलात दुसरं फल घातलेलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि न लिहिता उत्तर दिलं. संपादकांनी पडताळून पाहिलं आणि बराच वेळ खडू हातात फिरवत बसले. मग म्हणाले, यापुढे तुम्ही दोघं मिळून एक.

त्यांना म्हणायचं होतं, एक सोडवणारा. रेडिओ दारात होता. त्यानं ऐकायचं तेवढं ऐकलं आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याचं पार लग्न लावून टाकलं.

तेव्हापासून मावशी येरझाऱ्या घालत उदाहरण वाचत आणि काका खुर्चीला पाठ टेकून ऐकत. भांडणंही तेव्हापासूनच सुरू झाली. उत्तर एकच द्यायचं म्हटल्यावर दोघांचं जुळेपर्यंत सुटका नाही. मावशी म्हणायच्या, अहो, ऐका जरा. काका म्हणायचे, तुम्ही जरा बसा, तुमच्याबरोबर माझी संख्याही फिरते. काकांच्या मुलाला कळायचं ते कळलंच. त्यानं डोळ्यांचं काय ते पाहतो असं सांगितलं, पण कधी पाहणार, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. पुस्तक उशिरानं निघालं. त्या एका उदाहरणाखेरीज आणखीही चुका सापडल्या. किती, ते मावशींनी विचारलं नाही आणि संपादकांनी सांगितलं नाही. बाजारात आल्यावरही कितीतरी दिवस मावशी दुकानाच्या काचेतून ते पुस्तक पाहायच्या, आत जायच्या, मागचं पान उघडायच्या, मिटायच्या आणि बाहेर यायच्या. दुकानदाराला वाटायचं, बाईंना घ्यायचंय पण धीर होत नाही.

वहिनीनं मात्र शेवटी विचारून घेतलंच. वन्सं, खरं सांगा, होतं का काही? मावशी तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होत्या. इकडच्या टोकाला आल्यावर त्यांनी वहिनीकडे बघितलं आणि पुन्हा दुसरीकडे गेल्या. त्यावरून ज्याला जे काढायचं ते त्यानं काढावं.

भिंतीपुरतं मात्र खरं सांगून ठेवायला हवं. मोजणीकाकांना उणे चिन्ह दिसत नव्हतं. भोवरामावशींनी ते मोठ्यानं वाचून दाखवायचं ठरलं. मध्ये लाकडी भिंत असली की काकांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ती पाडली.